मोबाइलवर फुकट दिसतं, मग रीळ कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'अ वाइल्ड हेअर' हे दिग्दर्शक टेक्स एव्हरीचं १९४० सालचं आठ मिनिटांचं कार्टून. मोबाइलवर सापडतं, तर त्याची १६ मिमी प्रिंट, म्हणजे १६ मिमी रुंद फितीवरची प्रत, पैसे मोजून का शोधायची?

कारण तुम्ही पाहिलीत ती नेमकी कोणती आवृत्ती, हे आधी ठरायला हवं. बग्ज बनी हा ससा मागून येऊन एल्मर या शिकाऱ्याचे डोळे झाकतो, 'ओळख पाहू!' एल्मर भाबडेपणाने एकेका नटीचं नाव घेत जातो. त्यांत कॅरोल लोम्बार्ड होती. जानेवारी १९४२ मध्ये ती विमान अपघातात गेली. १९४४ मध्ये वॉर्नर स्टुडिओने हेच कार्टून 'ब्लू रिबन' या पुनर्प्रदर्शनाच्या मालिकेत पुन्हा दाखवलं, तेव्हा तिचं नाव काढून बार्बरा स्टॅनविकचं घातलं. हसता हसता कुणाच्या काळजाला चटका बसू नये, हे मला मान्य आहे. पण त्याच वेळी कार्टूनचं नावही 'द वाइल्ड हेअर' झालं आणि श्रेयनामावली गेली. ती कापायला मृत्यूचं निमित्तही नव्हतं. पुनर्प्रदर्शनाची ती रीतच होती. ज्यांनी हसवलं त्यांचीच नावं कापली, याचा राग मला अजून येतो.

म्हणून रीळ हातात घेऊन तपासायचं. १६ मिमीला मिनिटाला ३६ फूट फिल्म लागते, म्हणजे इथे २९० फुटांच्या आसपास. २५० भरली तर बरंच काही गळालंय. सुरुवातीला ए.ए.पी.ची (वॉर्नरची जुनी कार्टून विकत घेणारी कंपनी) पाटी असेल तर प्रिंट १९५६ किंवा त्यानंतरची, टीव्हीसाठी काढलेली. कडेवरच्या कोडॅकच्या खुणा फिल्म बनल्याचं साल सांगतात, पण त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा वापरल्या गेल्या. एकट्या खुणेवर विसंबू नका. सगळं गुलाबी दिसत असेल तर निळसर आणि पिवळा रंग उडालाय, तो फितीवर परत येत नाही. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फीत सडू लागली आहे, ते रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. घट्ट बंद डब्यात आम्ल कोंडतं आणि सडणं वाढतं. थंड, कोरड्या जागेत वेग मंदावतो, थांबत नाही. फीत आक्रसण्याआधी स्कॅन करून घ्या.

शीर्षक आणि श्रेयनामावलीच्या मूळ पाट्या नसतील तर प्रिंटला हात लावू नका, असं मीच पूर्वी ठामपणे सांगायचे. आता तसं म्हणवत नाही. स्टॅनविकचं नाव असलेली प्रिंट १९४४ च्या थिएटरात लोकांनी खरोखर काय ऐकलं ते सांगते. तरी ओरखडे पडलेली लोम्बार्डची प्रिंट आणि स्वच्छ स्टॅनविकची प्रिंट समोर ठेवलीत, तर आज मी पहिलीच उचलेन. उद्याचं सांगता येत नाही.