तुम्ही विचारलंत म्हणून: अरीथाची पर्स

आमच्या घरी महिन्यातून एकदा गाणी ऐकायला मंडळी जमतात. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन लावली आणि मी तिच्याबद्दल बोलायला लागले की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी दिलदार होती म्हणता, मग रोख पैसे हातात पडल्याशिवाय गायची का नाही?" बैठकीत याचं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

गोष्ट खरी आहे. कार्यक्रमाआधी ती शंभर-शंभर डॉलरच्या नोटा मोजून घ्यायची, पर्समध्ये ठेवायची आणि ती पर्स नजरेआड होऊ द्यायची नाही. डिसेंबर 2015 मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये ती गायिका-गीतकार कॅरल किंगच्या सन्मानासाठी गायली, त्याचं चित्रीकरण पाहा. वय 73, अंगावर पायघोळ फरचा कोट. ती येते, हातातली पर्स पियानोवर ठेवते, बसते आणि वाजवायला लागते. वर सज्जात कॅरल किंगचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाहीये, शेजारी ओबामा डोळे पुसताहेत. गाणं टिपेला पोचतं तेव्हा अरीथा उभी असते आणि खांद्यावरचा कोट सरळ जमिनीवर सोडून देते. पर्स मात्र पियानोवर जिथल्या तिथे.

माझे वडील तबल्याची साथ करायचे. गणेशोत्सवातले कार्यक्रम, नाट्यसंगीताच्या मैफली. एकदा मी सोबत होते, नऊ-दहा वर्षांची. कार्यक्रम संपल्यावर आयोजक म्हणाले, "पाकीट उद्या पाठवून देतो." शेवटची एसटी गेलेली. स्टँडच्या बाकावर वडिलांच्या मांडीवर तबल्याची पिशवी आणि माझ्या मांडीवर सत्काराचा नारळ, असे आम्ही उजाडेपर्यंत बसलो. ते पाकीट आलंच नाही. वडिलांनी मागितलंही नाही, कारण कलावंताने मागायचं नसतं असं त्यांना शिकवलेलं होतं. या पैशाला आपण मानधन म्हणतो. मान आणि धन एकाच शब्दात, आणि बुडवताना दोन्ही एकदमच बुडवतात.

अरीथा 1942 साली मेम्फिसला जन्मली आणि डेट्रॉइटमध्ये वाढली. वडील सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या देशभर विकल्या जायच्या. ती दहा वर्षांचीही नव्हती तेव्हा आई गेली. घरात महालिया जॅक्सन आणि क्लारा वॉर्डसारख्या गायिकांची ये-जा असे. कृष्णवर्णीय कलावंतांनी रक्त आटवायचं आणि पैसा कंपनीने किंवा कार्यक्रमवाल्याने खिशात घालायचा, हा त्या पिढीचा रोजचा अनुभव. तिने तो पाहिला आणि ती शहाणी झाली. मला यात लोभ दिसत नाही.

कोलंबिया कंपनीने 1960 पासून सहा वर्षं तिच्याकडून जॅझ, ब्रॉडवे असं बरंच काही गाऊन घेतलं, पण तिचा आवाज लोकांपर्यंत पोचलाच नाही म्हणा. मग अटलांटिक कंपनीचा निर्माता जेरी वेक्सलर याने तिला पुन्हा पियानोवर बसवलं. जानेवारी 1967, अलाबामातलं मसल शोल्स. वादक गोरे, ती नवखी, गाणं काही केल्या जमेना. तेवढ्यात त्यांच्यातल्या स्पूनर ओल्डहॅमला इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटी जागा सापडली आणि सगळ्यांना वाट मिळाली. त्याच रात्री भांडणं होऊन पुढचं रेकॉर्डिंग बारगळलं, हाती आलं ते दीड गाणं. त्यातल्या एका गाण्याने तिचं नशीब पालटलं.

पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला "रिस्पेक्ट" झालं. मूळ गाणं गायक ओटिस रेडिंगचं. त्यात पुरुष म्हणतो, पैसा मी आणतो, घरी आल्यावर माझा मान ठेव. अरीथाने ते उलटं फिरवलं. तिच्या गाण्यात बाईच म्हणते की माझे सगळे पैसे तुला देते, पण घरी आलास की माझा जो मान आहे तो मला दे. मान आणि धन पुन्हा एकत्र! एकेक अक्षर सुटं करून ती "रिस्पेक्ट" हा शब्द गाते, ते रेडिंगच्या गाण्यात नाही.

आता दिलदारपणाचं. मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीसाठी ती गायची आणि पैसा चळवळीला जायचा. 1970 साली कृष्णवर्णीयांसाठी लढणाऱ्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या अँजेला डेव्हिसला अटक झाली तेव्हा अरीथा उघडपणे म्हणाली की जामीन लाखाचा असो की अडीच लाखाचा, मी भरते. ती म्हणाली, कम्युनिझमशी मला देणंघेणं नाही, पण डेव्हिस कृष्णवर्णीय बाई आहे आणि आपल्या लोकांसाठी लढते आहे. वडिलांचा विरोध होता, तरी ती मागे हटली नाही. तिने दिलेलं कारण मला पाठ आहे: हा पैसा मला कृष्णवर्णीय लोकांनीच दिला, तो त्यांच्याच कामी यावा. पुढे जामीन मंजूर झाला तेव्हा अरीथा परदेशात होती, रक्कम दुसऱ्या कुणी भरली. 1972 मध्ये डेव्हिस निर्दोष सुटली.

हेच माझं उत्तर आहे. जो पैसा आपल्या माणसांकडून आला आणि त्यांच्याकडेच परत जायचा आहे, तो मधल्यामधे कुणाला कसा लाटू द्यायचा? डेट्रॉइटजवळच्या फ्लिंट शहराच्या नळांना 2014 पासून शिसं मिसळलेलं पाणी येत होतं; 2016 मध्ये तिथल्या लोकांसाठी हॉटेलच्या खोल्या आणि जेवणाची सोय करते असं तिने जाहीर केलं. न्यू बेथेलमधल्या गरिबांच्या जेवणांना ती हातभार लावायची. ऑगस्ट 2018 मध्ये ती गेली, आणि नंतर तिच्या मालमत्तेत जवळपास 10 लाख डॉलरचे न वटवलेले चेक निघाले. लोभी माणूस चेक असे पडू देतो का?

पुढच्या बैठकीत 1972 चं लॉस एंजेलिसच्या चर्चमधलं तिचं गायन बघायचं आहे. त्यात ती पियानोवर गात असताना वडील उठून जवळ येतात आणि तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. तिचे हात पट्ट्यांवरून हलत नाहीत. तेवढा भाग मी दोनदा लावणार आहे.