तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलमध्ये नकाशा असताना भूगोल कशाला?

भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे विचारलं जातं. मोबाइल रस्ता दाखवतो, अंतर सांगतो, मग शिकायचं काय उरलं? राजधान्या पाठ नसल्या तरी काही बिघडत नाही. पण स्थान, प्रमाण, प्रदेश आणि ठिकाणांमधले संबंध या कल्पना पक्क्या नसतील, तर मोबाइल जे दाखवतो त्याचाही अर्थ लागत नाही.

स्थान सगळ्यात सोपं. नाशिक साधारण २०° उत्तर, ७३°४७′ पूर्व. इथे एकच गफलत वारंवार होते. मोबाइलवर २०.५ दिसलं तर ते २० अंश ३० मिनिटं, ५ मिनिटं नव्हे. आणि एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे ही २५ मिनिटांची चूक सुमारे ४६ किलोमीटर दूर नेऊन सोडते. रेखांशाचाही रोजच्या जगण्याशी संबंध आहे. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ वरची. नाशिक तिच्या ८°४३′ पश्चिमेला, आणि अंशाला ४ मिनिटं धरली तर आपली मध्यान्ह सरासरी १२:३५ ला होते. ऋतूप्रमाणे पाव तास मागेपुढे, इतकंच.

खरी गंमत प्रमाणात, म्हणजे किती मोठा भाग एकत्र धरून बघतो त्यात आहे. ‘नाशिकला पाऊस किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. जिल्ह्याची सरासरी काढली तर हजार मिलिमीटरच्या आसपास. पण इगतपुरीला तीन हजारांच्या घरात, शहरात सातशेच्या आसपास, आणि येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते, घाटमाथ्यावर रिकामी होते आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडी पडते. जिल्ह्याचा हजाराचा आकडा बरोबर असूनही इगतपुरीच्या भातशेतीला त्याचा उपयोग नाही आणि येवल्याच्या कांद्यालाही नाही. म्हणून कुठलाही आकडा वाचताना आधी बघायचं: हा गावाचा, महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांचा गट), तालुक्याचा की जिल्ह्याचा? पीकविम्यासाठी महसूल मंडळ एकक धरलं की पर्जन्यमापक मंडळाच्या एका टोकाला आणि पाऊस दुसऱ्या टोकाला, असं होऊ शकतं. नोंद खोटी नसते. एकक मोठं पडतं. शेतकऱ्याचं नुकसान मात्र खरं असतं, आणि म्हणूनच हा मुद्दा मला परीक्षेपुरता वाटत नाही.

कागदी नकाशातही प्रमाणच दगा देतं. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. त्याची ए-फोरवरून ए-थ्रीवर झेरॉक्स मोठी करून आणली की छापलेलं प्रमाण तेच राहतं, पण १ सेंटिमीटर साधारण ३५० मीटरच उरतो. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली अंतराची रेघ, नकाशाबरोबर ताणलं जातं, म्हणून ते बरोबर राहतं. झेरॉक्सवर नेहमी या छापील रेघेनेच मोजा. ब्रह्मगिरीसारख्या डोंगराचा १:५०,००० चा मूळ नकाशा समोर घेतलात, तर उंचीत २० मीटर फरक असलेल्या दोन समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) कागदावर २ मिलिमीटर दूर असतील तिथे १०० मीटर पुढे जाताना २० मीटर चढायचं आहे. रेषा एकमेकींना चिकटल्या की तो कडा. तिथून सरळ वाट आखू नका.

ठिकाणांमधले संबंध बघायचे तर रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीपाशी जा. पुराचं पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून नाशिककर पूर जोखतात. शहरात नुसती भुरभुर असतानाही तिथे पाणी चढतं, कारण ते त्र्यंबकच्या बाजूला पडून गंगापूर धरणातून सोडलेलं असतं. पुढे तेच पाणी नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यावरून जायकवाडी धरणाला पोचतं. पाऊस एका तालुक्यात, पूर दुसऱ्यात, साठा तिसऱ्याच जिल्ह्यात. नदीचं खोरं एकक धरल्याशिवाय हे एका नजरेत येत नाही. पाण्यावरून दोन जिल्ह्यांत जो वाद पेटतो, त्याचं मूळही प्रशासनाची सीमा आणि खोऱ्याची सीमा वेगवेगळी असण्यात आहे.

प्रदेशाची सीमा कशी आखतात, हे लासलगावच्या कांदा बाजारावर करून बघण्यासारखं आहे. लिलावाला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना गाव विचारा, गावं नकाशावर टिंबांनी मांडा, सगळ्यात बाहेरची टिंबं जोडा. तयार होणारा आकार लासलगाव ज्यात आहे त्या निफाड तालुक्याशी जुळणार नाही. जिथून पिंपळगाव, चांदवड किंवा येवल्याचा बाजार सोयीचा पडतो, तिथे टिंबं विरळ होत जातात. एकच दिवस मोजलंत तर फसाल. भाव चढला की लांबची गावं येतात, एखादा बाजार बंद असला की त्याची गावं इकडे वळतात. उन्हाळ कांद्याच्या आणि लाल कांद्याच्या हंगामात वेगवेगळ्या दिवशी नोंदी घ्या आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा. दोन्हींत येणारी गावं हा बाजाराचा गाभा. एकातच येणारी गावं कुठल्या बाजूला आहेत, तिथून रस्ता कसा आहे, याची चौकशी त्यानंतर सुरू करायची.