बिनबुडाची किटली

रविवार, रात्री साडेअकरा

आज सात तास थ्रीडी प्रिंटर घरघरत होता. पाव रीळ पांढरं प्लास्टिक खर्ची पडलं आणि हातात आली एक किटली. तिला बूड नाही. म्हणजे फुटलंबिटलं नाही, मुळातच नाही.

सुट्टीला आलेल्या भाचीचा हा उद्योग. परवा रात्री जेवणं झाल्यावर दोघं फोनवर व्हिडिओ बघत बसलो होतो. त्यात एक चावीची किटली टेबलावर तुरुतुरु चालताना दिसली. दोन पाय, गुबगुबीत पोट, आणि धडपडत्या बाळासारखी चाल. ‘सिग्राफ’ म्हणून संगणक-चित्रांची मोठी वार्षिक परिषद असते, तिथे पिक्सार या अ‍ॅनिमेशनपट काढणाऱ्या कंपनीचे लोक असल्या किटल्या वाटतात आणि मोठमोठी माणसं त्यासाठी रांगा लावतात. भाची म्हणाली, “मामा, किटलीच का?”

या प्रश्नाचं उत्तर मला येतं! माझ्या आयुष्यात असे प्रश्न कमी.

राजारामपुरीतल्या एका क्लासात मी थ्रीडी मॅक्स शिकलो, म्हणजे संगणकावर त्रिमितीय वस्तू घडवायचं सॉफ्टवेअर. फी भरली वर्षाची, शिकवलं चार महिने, मग सरच दिसेनासे झाले. ते असो. पण पहिल्या दिवशी पडद्यावर तयार आकारांची बटणं दिसली, ती अजून डोळ्यांसमोर आहेत. बॉक्स, स्फिअर, सिलिंडर, कोन, आणि त्याच रांगेत शहाण्यासारखी बसलेली ‘टीपॉट’. चौकोन, गोल, शंकू हे समजू शकतो, पण चहाचं भांडं? वर तिला चार खुणा करायच्या चौकटी होत्या : धड, कान, तोटी, झाकण. खूण काढली की कान गायब. वर्गातल्या निम्म्या मुलांचा पहिला तास तोटी लावण्या-काढण्यात गेला.

गोष्ट अशी. १९७५ साली अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचे संशोधक होते. संगणकावर वस्तू काढायची त्यांची पद्धत तपासायला एखादी साधीच पण अंगानं वळणदार वस्तू हवी होती. घरी चहा घेताना बायकोनं, सँड्रानं, सुचवलं की समोरचंच भांडं काढ की. सॉल्ट लेक सिटीत विकत घेतलेला मेलिटा कंपनीचा पांढरा टी-पॉट होता तो. न्यूएलनी तो आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं रेखाटला आणि वळणांचे आकडे काढून संगणकाला भरवले. वस्तूही नेमकी मिळाली होती. पोट फुगीर, मान आत गेलेली, कानात आरपार भोक, तोटीची सावली स्वतःच्याच पोटावर पडते. प्रकाश, सावली, वळण सगळ्याची परीक्षा एका दमात. आणि रंग नसला तरी बघणाऱ्याला कळतं की ही किटली आहे. न्यूएलनी ते आकडे सगळ्यांना देऊन टाकले. मग जो तो आपला नवा प्रोग्रॅम आधी किटलीवर चालवून बघायला लागला. नव्या विळीची धार कांद्यावर बघतात, तसं.

तिचं ते बसकं रूपही मूळचं नाही. खरा टी-पॉट चांगला उंच आहे. न्यूएलचे सहकारी जिम ब्लिन यांच्या पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, चौरस नव्हते, त्या भानगडीत किटली दबली, आणि दबलेलीच सगळ्यांना आवडली. अस्सल भांडं आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संगणक-संग्रहालयात आहे. काचेआड. चहा नाही.

भाचीला सगळ्यात आवडला तो १९८७ च्या एका शोधनिबंधातला चावटपणा. भूमितीत प्लेटोचे घन, म्हणजे सगळ्या बाजू अगदी सारख्या असलेले आकार, पाचच, हे ग्रीकांपासून पक्कं. या लोकांनी चित्र छापलं ‘प्लेटोचे सहा घन’. सहावी कोण, हे सांगायला नको. शिवाय विंडोजच्या जुन्या स्क्रीनसेव्हरमध्ये पडद्यावर नळांचं जाळं वाढत जायचं, त्यात सांध्याच्या जागी क्वचित ही किटली उगवायची. ती बघायला मी एका नातेवाइकांच्या ऑफिसात दुपारभर बसलोय. त्यांना वाटायचं, पोरगा कॉम्प्युटर शिकतोय.

तर काल रात्री ठरलं, किटली छापायची. फाइल उतरवली, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पृष्ठभागाला जाडीच नव्हती, कागदाहून पातळ, म्हणून ‘सॉलिडिफाय’ लावून दोन मिलिमीटर जाडी दिली. वरून बघितली, बाजूनं बघितली, तोटीच्या नाकासमोरून बघितली. खालून कुणी बघतं का? मीही नाही बघितली. सकाळी प्रिंटर सुरू करून दिला.

संध्याकाळी भाचीनं छापताना लागलेल्या आधाराच्या काड्या मोडून काढल्या, किटली उलटी केली आणि बोट घातलं. बोट आत गेलं. मग हात गेला.

“मामा, ही गळणार.”

तेव्हा कुठे आठवलं. न्यूएलच्या किटलीला पहिल्यापासून बूडच नव्हतं! टेबलावर ठेवलेल्या भांड्याचं बूड दिसत नाही, तर काढा कशाला? २८ वक्र तुकड्यांत किटली संपली. मागाहून लोकांनी चार तुकडे जोडून बूड बसवलं, पण मी नेमकी जुनी फाइल उचलली होती. आणखी एक गंमत टॉर्च मारल्यावर कळली. तोटी पोटाला नुसती चिकटवलेली आहे, आत भोकच पाडलेलं नाही. वरून पाणी ओता, खालून जाईल. तोटीतून थेंब येणार नाही. आपल्याकडे बिनबुडाचे आरोप रोज छापून येतात, बिनबुडाची किटली मीच पहिल्यांदा छापली असेन.

आईनं हातात घेऊन बघितली. “अरे, पण ही किटली कुठं? हा टी-पॉट. किटली म्हणजे ती चहावाल्याची, अ‍ॅल्युमिनियमची.” बरोबर आहे. आमच्या घरात चहा पातेल्यात उकळतो आणि गाळून थेट कपात येतो, मधल्या भांड्याला कामच नाही. मी मान्य केलं, पण लिहिताना किटलीच लिहिणार. ‘टी-पॉट’ म्हटलं की गुबगुबीतपणा जातो.

जेवताना विषय कॉफीवर गेला, कारण भाची आता सोडत नव्हती. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच यंत्र होतं आणि जिने चढून यावं तर भांडं रिकामं. १९९१ मध्ये वैतागलेल्या लोकांनी त्याच्यावर कॅमेरा रोखला. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र, मिनिटाला तीनेक. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर जगाला दिसायला लागलं आणि जगानं ते बघितलंही, भरलंय का रिकामं. २००१ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला, आणि ते यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. आई म्हणाली, “धुतलं होतं का?”

मग १ एप्रिल १९९८ चा तो प्रकार. लॅरी मॅसिंटर या संगणकतज्ज्ञांनी कॉफीच्या भांड्याशी नेटवरून कसं बोलावं याचे नियम अगदी सरकारी थाटात लिहिले. त्यात एक कलम : टी-पॉटला कॉफी करायला सांगितली तर त्यानं ४१८ क्रमांकाचं उत्तर द्यावं, ‘मी टी-पॉट आहे’. (पान सापडलं नाही की नेटवर ४०४ येतो ना, तसलाच हा क्रमांक.) एप्रिल फूलच, पण प्रोग्रॅमरांनी ते खरोखरच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. २०१७ मध्ये कुणीतरी म्हणालं, पुरे झाली थट्टा, काढून टाका. तर एका शाळकरी मुलानं मोहीम उघडली आणि ४१८ वाचला. मला स्वतःला काढून टाका म्हणणाऱ्याचंही थोडं पटतं, नियमावली आहे, कुणीही काहीही लिहून जावं अशी पुलाखालची भिंत नाही. हे भाचीसमोर बोललो नाही.

तिनं लगेच गूगलच्या पत्त्यापुढे ‘टीपॉट’ टाइप केलं. खरंच ४१८ चं पान आलं, किटलीच्या चित्रासह. फोन कलंडवला की किटली कलंडते आणि चहा ओतते. झोपेपर्यंत फोन कलंडवणं चालू होतं. आईनंही दोनदा कलंडवला.

प्रिंटरमध्ये आता बुडाची चकती लावलीय, सकाळपर्यंत होईल. चिकटेल की नाही, शंकाच आहे. भाचीला त्याआधीच मार्करनं बुडावर ४१८ लिहायचं होतं. किटली उलटी करून क्षणभर थांबली, मग झाकणावर लिहिलं.