आगटीवरची ज्युरी

हुरड्याला बोलावलं की आमच्याकडं लोक हुरडा खायला कमी आणि भांडायला जास्त येतात असं माझं मत होत चाललंय. पूर्वी राजकारणावर व्हायची भांडणं, पण मागच्या दोन-तीन इलेक्शनात आमच्या एका घरात इतके पक्ष झाले की बायकोनं सरळ सांगून टाकलं, आखाड्यावर (म्हणजे आमच्या शेतावर) पक्षाचं नाव काढायचं नाही, ज्याला काढायचंय त्यानं घरून डबा घेऊन यायचा. मग उरलं काय, तर क्रिकेट आणि पिक्चर. क्रिकेटमधी तात्यांना (माझे चुलते) कुणी बोलूच देत नाही कारण ते अजून गावसकरवरच अडकलेत, म्हणून मग पिक्चर.

यंदा सुरुवात मेव्हण्यानं केली. अजून पहिली कणसं आगटीत खुपसायची होती, गोवऱ्या नीट पेटल्या पण नव्हत्या, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल, आणि हा म्हणतो, "काय दाजी, भेटलं का नाई शेवटी आमच्या शाहरुखला नॅशनल?" जसं काही शिफारस यानंच केली होती. 1992 च्या 'दीवाना' पासून मोजलं तर 2025 च्या ऑगस्टमधी जाहीर होईपर्यंत तेहतीस वर्षं लागली त्या माणसाला पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळायला, आणि मिळालं ते 'जवान' साठी, ते पण अर्धं. अर्धं विक्रांत मॅसीला, 'ट्वेल्थ फेल' साठी.

इथं माझा पुतण्या पेटला. त्याचं कारण वेगळं आहे. त्यानं पुण्यात तीन वर्षं एमपीएससी केली, कॉट बेसिसवर राहून, मेसचा एक डबा दोघांत खाऊन, आणि मग एक दिवस बॅग भरून परभणीला परत आला, त्यावर घरात कुणीच काही बोललं नाही. 'ट्वेल्थ फेल' पण अशाच स्पर्धा परीक्षेच्या पोराचा, तो त्यानं बघितला तेव्हा मधूनच उठून बाहेर गेला होता, हे मला माहितीये कारण त्याच्या शेजारी मीच बसलो होतो. तो म्हणाला, "अर्धं कामून? पूर्ण त्याचंच व्हतं. तिकडं तो टकला होऊन मेट्रोत नाचतो अन् इकडं पोरगं पीठ गिरणीत पिठानं पांढरं होऊन अभ्यास करतंय, यात कंपॅरिझन तरी आहे का?" मेव्हणा म्हणाला कंपॅरिझन आहे म्हणूनच तर बरोबर दोन भाग केले. (त्याच वर्षी सगळ्यात चांगल्या चित्रपटाचं पण 'ट्वेल्थ फेल' लाच गेलं हे पुतण्यानं तीनदा सांगितलं, मेव्हण्यानं तिन्ही वेळा चटणी मागितली.)

खरं म्हणजे शाहरुखला द्यायचं होतं तर 'स्वदेस' ला द्यायचं होतं यावर दोघांचं एकमत झालं, आणि हीच गंमत असते, भांडणारे दोघं तिसऱ्याच्या अन्यायावर एकदम भाऊ भाऊ होतात. त्या वर्षीचं राष्ट्रीय सैफ अली खानला 'हम तुम' बद्दल मिळालं होतं. 'हम तुम' चांगला होता हो, नाही असं नाही, पण रेल्वेच्या खिडकीतून पोरगं चार आण्याला पाणी विकतंय आणि हा गडी ते पितो तो सीन बघून ज्याच्या घशात काही अडकलं नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. आणि 'जवान' ला देणाऱ्या ज्युरीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, म्हणजे 'स्वदेस' चेच दिग्दर्शक. यावर तात्या म्हणाले, "म्हंजे मागचं उसनं फेडलं." मी म्हणालो तात्या, ज्युरीत एकटा माणूस नसतो. तात्या म्हणाले, "सोसायटीत बी एकटा चेअरमन नसतो."

तात्यांचं स्वतःचं दुखणं 'शोले' आहे. पन्नास वर्षं झाली पण ते बरं झालेलं नाही. 'शोले' ला फिल्मफेअर किती मिळाली असतील, सांगा. एक. फक्त एक, आणि ते पण संकलनाचं, एम. एस. शिंदेंना. बाकी बरंच काही 'दीवार' नं नेलं, आणि सहाय्यक अभिनेत्याचं शशी कपूरला. तात्यांचा प्रश्न साधा आहे की ज्या गब्बरचं नाव घेऊन आमच्या आईनं आम्हाला झोपवलं त्याला काहीच नाही आणि "मेरे पास माँ है" एवढं म्हणणाऱ्याला बाहुली? मी त्यांना समजावलं की शशी कपूरनं बच्चनसमोर उभं राहून आवाज न चढवता ते वाक्य म्हटलंय आणि समोरचा गाडी-बंगला सगळं एका वाक्यात रिकामा करून टाकलाय, ते सोपं नाही. तात्या म्हणाले, "आपुन बी म्हनतो की, मेरे पास माँ है." मग म्हणून दाखवलं. तोंडात हुरडा होता, त्यामुळं बाहुली काही मिळाली नसती.

बायको मधी पडत नाही सहसा, ती राखेतून कणसं काढून हातावर चोळत असते, हात एवढे पोळत असताना बोलणार कधी. पण यंदा बोलली. म्हणाली तुमच्या सगळ्या पुरुषांच्याच गोष्टी चालल्यात, छाया कदमचं काय? आणि मग तिनं आम्हा चौघांना गप्प केलं, कारण तिची केस सगळ्यात पक्की होती. 2024 मधी पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या पिक्चरला कान्समधी ग्रां प्री मिळालं, जगातला एवढा मोठा मान, त्यात छाया कदम. आणि तिथं ही बाई आईची साडी आणि नथ घालून गेली. मग ऑस्करला भारताकडून तो पिक्चर पाठवला का? नाही, 'लापता लेडीज' पाठवला. 'लापता लेडीज' पहिल्या पंधरात पण आला नाही. आता मजा बघा, 'लापता लेडीज' मधी पण छाया कदमच, स्टेशनवरची ती मंजूमाई. म्हणजे पाठवलेल्यात पण तीच आणि न पाठवलेल्यात पण तीच, आणि ऑस्कर दोन्हीकडून नाही. "पण फिल्मफेअर भेटलं की ताई तिला, मंजूमाईसाठी," मेव्हणा म्हणाला. बायको म्हणाली, "मंग? कधीमधी चुकून बरोबर पडतंच की."

ऑस्करवर बोलायचा मात्र मला हक्क आहे असं मी मानतो, कारण मी त्यात पैसे घातलेत. 2004 साली 'श्वास' गेला होता भारताकडून, त्याच्या आधी 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालेलं, सगळा महाराष्ट्र नुसता फुललेला, आणि तिकडं अमेरिकेत पिक्चर दाखवायचा, जाहिराती करायच्या तर खर्च केवढा, तर लोकांनी गावोगाव पैसे गोळा केले. आमच्या स्टाफरूममधी पण डबा फिरला, मी शंभर टाकले. तेव्हा शंभर म्हणजे शंभर होते. नामांकन काही मिळालं नाही, पण माझे शंभर रुपये लॉस एंजेलिसला जाऊन आले याचा मला अजून अभिमान आहे, आमच्या खानदानातून तेवढेच गेलेत. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही उगाच म्हणत नाही.

पण 'श्वास' नं मला एक गोष्ट खटकून ठेवली. चित्रपटाला मिळालं, पोराला बालकलाकाराचं मिळालं, ते दोन्ही योग्यच, पण आजोबाला राष्ट्रीय काही नाही. अरुण नलावडेंचा तो आजोबा आठवा, नातवाचे डोळे जाणार हे कळल्यावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नुसता बसलाय, गावातला माणूस शहरातल्या डॉक्टरपुढं जसा बसतो तसा, अर्ध्याच खुर्चीवर. अर्ध्या खुर्चीवर बसण्याला बक्षीस नसतं. तेव्हापासून माझं एक ठाम मत आहे आणि ते मी दर हुरड्याला मांडतो (लोक कंटाळलेत), की बक्षीस अभिनयाला मिळत नाही, दिसणाऱ्या मेहनतीला मिळतं. वजन वाढवा, वजन घटवा, बर्फात लोळा. हॉलिवूडच्या डिकॅप्रिओनं इतकी चांगली कामं केली, ऑस्कर दिलं कधी, तर 'द रेव्हनंट' मधी त्यानं कच्चं काळीज खाल्लं तेव्हा. अल पचिनोला 'गॉडफादर' बद्दल नाही, 'सेंट ऑफ अ वुमन' मधी आंधळा झाला तेव्हा दिलं. जो काहीच करताना दिसत नाही, त्याच्याकडं ज्युरीचं लक्षच जात नाही.

पुतण्या म्हणाला काका, आता ऑस्करवाल्यांनी नियम केलाय, शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचं त्यातले नामांकन मिळालेले सगळे पिक्चर बघितलेच पाहिजेत, नाहीतर त्या विभागात मतच देता येणार नाही.

तात्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "म्हंजे इतके दिवस न बघताच देत व्हते?"

आगटीभोवती बसलेल्या आमच्यापैकी 'द रेव्हनंट' फक्त पुतण्यानं बघितलेला होता. मी यूट्यूबवर तेवढा काळजाचा तुकडा बघितलाय. पण ते असो.

आता हे ठाम मत माझं खरं कुठून आलं ते मी कुणाला सांगत नाही, इथं सांगतो. ते 'श्वास' वरून पूर्ण आलेलं नाही. साधारण वीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एकांकिका स्पर्धेला मी परीक्षक होतो. मराठी शिकवतो म्हणजे नाटक कळत असणार असा लोकांचा समज. चौदा एकांकिका, संध्याकाळी सहाला सुरू होणार होत्या, लाईट गेली ती साडेनऊला आली. आम्ही तीन परीक्षक, त्यातले एक रिटायर गुरुजी आणि एक जण पहाटेच्या पहिल्या गाडीनं जायचं म्हणून दर अर्ध्या तासाला घड्याळ बघणारे. तेराव्या एकांकिकेत एक पोरगं होतं, म्हाताऱ्याचं काम, दुष्काळ पडलाय, मुलगा जमीन विकायचं म्हणतोय, आणि हा बाजेवर बसलेला. वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. धोतराचा एक दोरा निघालेला तो ओढायचा, बोटाला गुंडाळायचा, परत सोडायचा. मुलगा ओरडतोय, सून रडतेय, आणि माझी नजर त्या दोऱ्यावरून हलेना. चौदाव्या एकांकिकेत दुसऱ्या पोरानं सदरा फाडला, छाती बडवली, स्टेजवर लोळला, माईकचा स्टँड पाडला, टाळ्या, शिट्ट्या. रात्री अडीचला गुरुजी म्हणाले, "याला देऊ, पोरानं कष्ट घेतलेत." घड्याळवाले म्हणाले, "द्या." आणि मी सही केली. झोप आली होती, दुसरं कारण नाही.

वीस वर्षं ते मनात राहिलं. ऑस्करला कुणाला चुकीचं मिळालं की मला माईकचा स्टँड पडल्याचा आवाज येतो.

तर हुरडा झाला, आणि तीन दिवसांनी विहिरीवरची मोटार जळाली. गव्हाला पाणी चालू, रात्रीची लाईट, व्होल्टेजचा भरवसा नाही, जळणारच. रिवायंडिंगवाला नेहमीचा लग्नाला गेलेला म्हणून दुसऱ्याकडं नेली, तर तो वर बघून म्हणतो, "सर, वळखलं का? तुमी परीक्षक व्हते आमच्या एकांकिकेला. म्या म्हातारा व्हतो."

मला काय बोलावं सुचेना. समोर तांब्याच्या तारेची भेंडोळी, हाताला काळं ग्रीस, तोच चेहरा, फक्त आता खरंच जरा म्हातारा. मी म्हणालो बाळा, बस, तुला एक सांगायचंय. आणि सगळं सांगितलं, अडीच वाजले होते, गुरुजी असं म्हणाले, मी सही केली, पण बक्षीस तुझं होतं, तो दोरा मी अजून विसरलो नाही, असा अभिनय मी नंतर मोठमोठ्या लोकांचा पण बघितला नाही.

तो ऐकत राहिला. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "सर, कशाची अ‍ॅक्टिंग. मला लई डायलॉग व्हते. स्टेजवर गेलो अन् सगळे इसरलो. आतून प्रॉम्प्टिंग करायलेत, ते बी ऐकू येईना. म्हनून मंग गप बसलो. भेव वाटायलं व्हतं तं तो दोरा धरला."

पुढच्या रविवारी उरलेल्या हुरड्याला परत सगळे जमले तेव्हा मी हे सांगितलं आणि चुकलो. मेव्हणा म्हणतो हे तर चीटिंग झालं, विसरल्याला बक्षीस कसं देणार, मग मलाही दहावीत द्यायला पाहिजे होतं. पुतण्या म्हणतो स्क्रीनवर काय दिसलं तेवढंच बघायचं, आत काय चाललं होतं ते ज्युरीचं काम नाही, मी एमपीएससीच्या मुलाखतीत जे गप्प बसलो त्यामागं काय होतं ते बघितलं का त्यांनी? तात्यांना ते पोरगं फारच आवडलं, ते म्हणाले दुष्काळात खऱ्या म्हाताऱ्याला तरी कुठं डायलॉग आठवतेत, त्याला आताच्या आता बोलवा अन् शाल-नारळ द्या. माझ्या ठाम मताचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, मी पण काढलं नाही.

बायको राखेतून कणीस काढता काढता म्हणाली, "ते जाऊ द्या. मोटार कधी देतो म्हनला?"

बुधवारी म्हणाला होता. शुक्रवारी दिली.