भोर घाट लेआउट: रिव्हर्सिंग स्टेशनचा सांगाडा उभा राहिला

मंडळी, भोर घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनचं, म्हणजे गाडी जिथे थांबून उलट दिशेने पुढे जायची त्या जागेचं, छोटं मॉडेल (लेआउट) करतोय. त्याचा प्लायवूडचा सांगाडा पूर्ण झाला आणि दोन्ही फाट्यांचा चढ लेव्हल लावून तपासला. खंडाळ्याकडे चढणारा वरचा फाटा ३७ला १, कर्जतकडे उतरणारा खालचा ४०ला १. म्हणजे स्टेशनपासून मीटरभर गेलं की एक रूळ २७ मिलिमीटर वर आणि दुसरा २५ मिलिमीटर खाली. टेबलावर हा फरक एकदम डोळ्यांत भरतो. गाडीच्या खिडकीत बसून घाट चढताना त्याचा अंदाजच येत नाही, कारण सगळं लक्ष दरीकडे असतं.

स्केलबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. १:८७ला, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या नेहमीच्या स्केलला, ती १९.३ भरते आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५चा, त्यामुळे गाडी रुळावर फताडी दिसते. तोच १६.५चा रूळ १:१००ला जवळपास अचूक बसतो. मग डबे, इंजिन, सिग्नल सगळं हाताने करावं लागतं, पण भारतीय ब्रॉडगेज ब्रॉडगेजसारखी दिसणार असेल तर ती मेहनत मला मान्य आहे.

आता वळणाचा प्रश्न. घाटातलं सर्वांत तीव्र वळण १५ साखळ्या त्रिज्येचं, म्हणजे ९९० फूट. १:१००ला ते तीन मीटर होतं. माझ्या खोलीत ते मावत नाही, म्हणून मी असा तुकडा निवडला की जिथे वळण लागतच नाही. आणि मूळ आखणीचं मर्मही तेच आहे. खंडाळ्याखालच्या डोंगराच्या अरुंद सोंडेवर गाडी वळवायला जागा नव्हती. मार्ग आखणाऱ्या जेम्स जॉन बर्कली या इंजिनिअरने ती वळवायच्या ऐवजी उलटवली. कर्जतहून आलेली गाडी सोंडेच्या टोकाशी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. नकाशावर इंग्रजी व्ही दिसतो. समोर दरी, पलीकडे नागफणीचा कडा.

बर्कली इंग्लंडमधल्या नामवंत रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. १८५०मध्ये जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा) मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईत आला, तेव्हा जेमतेम तिशीचा होता. १८५३ची बोरीबंदर–ठाणे गाडी सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याची खरी परीक्षा सह्याद्रीत झाली. भोर घाटाचे आकडे एकदा नीट बघा: लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, २५ बोगदे, ८ मोठे कमानपूल. १८५८ला खंडाळा–पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला घाट बाकी होता. खोपोलीला उतरायचं आणि पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने वर यायचं. एप्रिल १८६३मध्ये घाट खुला झाला. बर्कली त्याआधीच, ऑगस्ट १८६२मध्ये, इंग्लंडमध्ये वारला होता. वय ४२.

पण एकट्या बर्कलीचं नाव घेऊन थांबणं मला पटत नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच आजाराने गेला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट हातात ठेवून काम तडीस नेलं. १८६१च्या सुमाराला घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. कड्यावरून दोराने खाली सोडलेली माणसं सुरुंगाची भोकं पाडत होती. कॉलऱ्याने किती माणसं नेली त्याला गणती नाही. लेआउटवर मजुरांच्या झोपड्यांची एक ओळ कड्याच्या पायथ्याशी येणार आहे. १८६३नंतरच्या दृश्यात त्या नसतील, तरीही मी त्या ठेवणार.

सध्या संरक्षक भिंती चालू आहेत. एक्सपीएस फोमवर (थर्मोकोलसारखा, पण जास्त घट्ट) रिकाम्या रिफिलने दगडांचे थर दाबून काढतो. थर आडवे आणि सरळ ठेवायचे, उभे सांधे मात्र एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. रंगासाठी नुसता काळा वापरू नका. आपला बेसॉल्ट कोरडा असताना करडा दिसतो, त्यात किंचित तपकिरी झाक असते. चुन्याच्या दरजा पांढऱ्या ठेवल्या तर भिंत कालची वाटते. पातळ राखाडी वॉश सोडून वरून कापडाने पुसला की बरोबर उतरतं. पाणी झिरपतं तिथे शेवाळाची उभी रेघ. बांधकाम सगळीकडे सारखं चांगलं नव्हतं हेही लक्षात ठेवा. याच घाटातला महू-की-मळीचा कमानपूल १८६७मध्ये कोसळला होता.

विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९मध्ये, नवी आखणी झाली आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. तेव्हापासून ते कुणाचंच नाही. सीएसएमटीची इमारत २००४मध्ये जागतिक वारशात गेली, जुनी इंजिनं रंग देऊन चौथऱ्यावर उभी आहेत, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण बर्कलीचं मोठं काम म्हणजे आखणी: कुठल्या उंचीवर, कुठल्या चढाने, कुठल्या सोंडेवरून जायचं. तिच्या खुणा म्हणजे भराव, कटिंग, झुडपांत दडलेली भिंत. याला इमारत म्हणता येत नाही, म्हणून यादीत जागा मिळत नाही. त्याच घाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या शांततेत, स्फोट करून पाडला. वाहतुकीची कोंडी खरी होती. तरी पाडण्याआधी प्रत्येक कमानीचं मोजमाप आणि रेखाटन लोकांसमोर यायला हवं होतं. जुन्या मार्गाचं तरी ते आताच व्हावं, असं मला कळकळीने वाटतं.

पुढचं काम इंजिनाचं. घाटासाठी शार्प स्टुअर्ट या इंग्लिश कंपनीने बांधलेलं ४-६-० (पुढे चार लहान चाकं, मग सहा मोठी) सॅडल टँक, म्हणजे बॉयलरवर पाण्याची टाकी असलेलं इंजिन, घेतोय. उतारावर थेट रुळांवर दाबले जाणारे घसरब्रेक त्याला होते. चाकांच्या मध्ये ते दाखवायला १:१००ला जागा अगदी थोडी आहे, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची पितळी पट्टी वापरून बघणार आहे. कुणाच्या घरी १९२९पूर्वीचं या स्टेशनचं पोस्टकार्ड किंवा फोटो असेल तर जरूर दाखवा, मला विशेषतः दरीकडची बाजू हवी आहे. नवे फोटो काढायला मात्र कुणीही रुळांवर उतरू नका. कॅच सायडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवणारे फाटे, तिथे आजही आहेत आणि गाडी मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांची ये-जा चालू असते.