अमळनेरची बोंडे आणि अमेरिकेतली पाचवी

दर शुक्रवारी सकाळी माझ्या वर्गातले कोणीतरी स्टीलच्या वाडग्यात हात घालून दहा चिठ्ठ्या काढते. वाडगा अमळनेरच्या बाजारातला आहे. चिठ्ठ्या मात्र अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ज्या सरकारी शाळेत मी आता शिकवते, तिथल्या पाचवीच्या गणिताच्या आहेत. वर्षभरात शिकवायच्या शंभर गोष्टींची यादी मी सप्टेंबरमध्येच मुलांच्या हाती दिली होती. शंभराचे वर्गमूळ दहा, म्हणून आठवड्याला दहा प्रश्न. चिठ्ठीत दोन महिन्यांपूर्वी शिकवून झालेले निघते, तसे अजून न शिकवलेलेही निघते. या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात जात नाहीत. चोवीस मुलांची बरोबर उत्तरे एकत्र मोजून तेवढा एकच आकडा भिंतीवरच्या आलेखावर ठिपका म्हणून मांडला जातो आणि तेथे कोणाचेही नाव नसते.

न शिकवलेले विचारणे मला सुरुवातीला अन्यायाचे वाटले. पण आपल्याकडे घटक संपला, घटक चाचणी झाली की तो घटक विसरायला हरकत नाही, असा शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात एक न बोललेला करार असतो. वाडग्यातून कोणती चिठ्ठी निघेल ते ठाऊक नसल्याने तो करारच येथे मोडतो.

या पद्धतीचे मूळ कारखान्यात आहे. डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना आणि उद्योजकांना गुणवत्तेवर व्याख्याने दिली. नियोजन, कृती, अभ्यास आणि त्यानुसार पुढचे पाऊल हे त्याचे चक्र पुढे शाळांपर्यंत आले. तिसऱ्या पायरीला ‘तपासणी’ न म्हणता ‘अभ्यास’ म्हणावे, असा त्याचा आग्रह होता. तो शब्दाचा हट्ट नव्हता, हे मला जानेवारीत कळले.

नाताळच्या सुट्टीनंतर ठिपका लागोपाठ दोन आठवडे खाली आला. पूर्वीची मी ‘पोरांनी सुट्टीत पुस्तक उघडले नाही’ असे म्हणून मोकळी झाले असते. चाचणीचे कागद पाहिले, तर बहुतेकांची घसरगुंडी छेद वेगवेगळे असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेत झाली होती. मग भिंतीवर दोन रकान्यांचा कागद लावला: काय उपयोगी पडले, काय बदलावे. एका चिकट चिठ्ठीवर लिहिले होते, ‘तुम्ही पहिली पायरी पुसून दुसरी लिहिता, मग दुसरी कोठून आली ते मला कळत नाही.’ चौदा वर्षे मी फळा असाच पुसत आले आहे. फेब्रुवारीत एवढेच बदलले, की उदाहरण संपेपर्यंत डस्टरला हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल केला, तरच कशाने फरक पडला ते सांगता येते. ठिपका हळूहळू वर सरकला, तरी तीन मुले तेथेच अडकून राहिली. त्यांचे पाढेच कच्चे होते आणि फळ्याने ते दुरुस्त होणार नव्हते. त्यांच्यासाठी चक्र पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावे लागले.

हे सारे आपल्याला अगदीच नवे आहे, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले आणि त्यातल्या आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे शिकणे चालू असतानाच वेळोवेळी करायच्या पडताळणीचा, हेतू हाच होता. पण माझ्या तिकडच्या शाळेत वर्णनात्मक नोंदी आम्ही मार्चअखेरीस एका बैठकीत भरत असू, आणि त्या भरणाऱ्यांत मीही होते. ‘गणितात रस घेतो’ हे वाक्य मी एका दुपारी चाळीस वेळा लिहिलेले आहे. वर्ष संपल्यावर लिहिलेल्या नोंदीने त्या वर्षीच्या शिकवण्यात काय बदलणार होते?

परवा फोनवर बाबांना हा वाडग्याचा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांना तो समजावून द्यावा लागला नाही. आमच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावलेले असतात. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की बाबा फवारणीच्या तयारीला लागतात. शिवाय ते शेतातून फिरत कोठलीही वीस हिरवी बोंडे तोडून बांधावर बसून फोडतात, कारण वेचणीपर्यंत थांबले तर हाती कवडीच, म्हणजे किडका कापूसच, येते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी अहिराणीत एवढेच विचारले, “मंग या शुक्रवारले कितला किडेल निंघनात?”

मी म्हटले, दहापैकी दोन प्रश्न.