आमची वाटचाल: पॉलिशिंगच्या शेडमधून पॉलिमरच्या थराकडे

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीची बरीच वर्षं जॉबवर्कच चालायचं. ३१६एल या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे सुटे भाग यायचे, आम्ही इलेक्ट्रोपॉलिशिंग (रसायनाच्या टाकीत विजेने पृष्ठभाग गुळगुळीत करणं) आणि पॅसिव्हेशन (गंज रोखणारा थर तयार करणं) करून परत पाठवायचो. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका ग्राहकाने विचारलं, रक्तवाहिनीत जाणाऱ्या तारेवर प्रथिनं बसणारच नाहीत असं काही करता येईल का? त्या प्रश्नाने आमचं कामच बदललं.

धातू रक्तात गेला की काही सेकंदांतच त्यावर प्रथिनं बसायला लागतात. आधी अल्ब्युमिनसारखी, रक्तात मुबलक असलेली. मग त्यांना हटवून फायब्रिनोजेनसारखी जड प्रथिनं. शास्त्रज्ञ लिओ व्रोमन यांच्या नावाने ही अदलाबदल ओळखली जाते. फायब्रिनोजेन बसलं की प्लेटलेट चिकटतात आणि गुठळीची सुरुवात होते.

यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, हा लांब साखळ्यांचा पॉलिमर चालतो. त्याच्या साखळ्या पृष्ठभागावर दाट उभ्या केल्या की त्या पाणी धरून ठेवतात. ते पाणी हटवून, साखळ्या दाबून आत शिरणं प्रथिनाला जड जातं. पण पीईजी आपणहून स्टीलला धरत नाही, आणि आमचा सगळा कस तिथे लागला.

पॉलिलायसिनला, म्हणजे लायसिन या अमिनो आम्लाच्या साखळीला, पीईजी जोडून नुसतं बुडवून थर देता येतो. लायसिनचा धनभार धातूवरच्या ऑक्साइडच्या ऋणभाराला धरतो. टायटॅनियमवर हे सुरेख जमतं, पण खारट द्रावणात पकड ढिली होते. म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, ते शिंपले ओल्या खडकाला ज्या रसायनाच्या जोरावर धरून राहतात, त्याच्याशी डोपामिनचं जवळचं नातं आहे. ८.५ पीएचच्या, म्हणजे किंचित अल्कधर्मी, पाण्यात डोपामिनचा तपकिरी थर जवळपास कशावरही बसतो, हे फिलिप मेसरस्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं. त्या थरावर पीईजी जोडता येतं.

माझं ठाम मत आहे की या कामात पॉलिमरपेक्षा धातूची स्वच्छता मोठी. पॉलिशिंगच्या मसाल्याचा अदृश्य अंश राहिला, तर थर तिथूनच सुटतो. त्यामुळे आमच्या पॉलिशिंगच्या टाक्यांवरच्या जुन्या कारागिरांचा हात इथे सर्वांत जास्त उपयोगी पडला. धातू स्वच्छ झाला का हे पाहायला प्रत्येक बॅचमधल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून तो किती पसरतो हे मोजतो. कोटिंग झाल्यावर चमकणारा रंग जोडलेलं फायब्रिनोजेन वापरून ते किती चिकटलं हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. निर्जंतुकीकरणानंतर हीच तपासणी पुन्हा होते. त्याआधीचे आकडे आम्ही ग्राहकाला देतच नाही.

पीईजीचं काळानुसार ऑक्सिडेशन होतं. त्यामुळे शरीरात कायम राहणाऱ्या इम्प्लांटची कामं आम्ही घेत नाही, थोडा वेळ आत जाऊन बाहेर येणाऱ्या साधनांचीच घेतो. सध्या सल्फोबिटेन पॉलिमरवर चाचण्या चालू आहेत. त्याच्या एकाच घटकात धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात आणि तो पाणी आणखी घट्ट धरतो. स्टीलवर तो टिकतोय असं दिसलं, की पहिले नमुने त्याच तारवाल्या ग्राहकाकडे जातील.